तोरणमाळला पोरगा पाठवला, त्याचा हिशोब

सुरुवात ओआरएसच्या पाकिटापासून करते, कारण माझं भांडण तिथूनच सुरू झालं. तोरणमाळच्या डोंगरातल्या साहस शिबिराच्या पहिल्या दिवशी मुलाला सोडायला गेले तेव्हा बाकीचे आईबाप तंबूत वाकून गाद्या चाचपत होते. मी प्रथमोपचाराची पेटी मागितली. ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स म्हणून १९ वर्षं झाली, सवय जात नाही. पेटी दिसायला झकास, लाल, झाकणावर पांढरी फुली. आत तीन क्रेप बँडेज, कापूस, बीटाडिन, पॅरासिटामॉलची पट्टी, गंजलेली कात्री आणि ओआरएसची सहा पाकिटं. सहाच्या सहा मुदत संपून चार महिने झालेली.

मी पाकिटं तशीच हातात धरून मुख्य सरांसमोर उभी राहिले. पन्नाशीचा माणूस, उन्हाने रापलेला. त्यांनी पाकीट डोळ्यांजवळ नेलं, तारीख वाचली आणि म्हणाले, "ताई, चूक आहे. उद्या शहाद्याहून नवी येतील." सबब सांगितली नाही. पोराला तिथे ठेवायचं की परत गाडीत घालायचं हे माझं त्या एका वाक्यावर ठरलं.

शिबिराचं नाव मी लिहिणार नाही. खाली दोन गोष्टी कडक लिहिणार आहे, आणि त्या मी सरांना फोनवर, मग समोर बसून सांगितल्या आहेत. नाव नसलं तरी ज्यांना पोरगा कुठेतरी पाठवायचा आहे त्यांच्या कामाला येईल असं वाटतं. बाकी तपशील असा: दिवाळीच्या सुट्टीत सहा दिवस, पाच रात्री. फक्त मुलगे, वय १३ ते १७, एकूण २२. शहाद्यापासून नेणं-आणणं, राहणं, खाणं धरून ७,८०० रुपये. चार प्रशिक्षक, त्यातले दोघे उत्तरकाशीच्या संस्थेतून गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स केलेले, एक नवखा तरुण, आणि एक तोरणमाळचेच पावरा आदिवासी गृहस्थ, ज्यांना सगळी पोरं मामा म्हणत.

पाठवलं का, तेही सांगते. मुलगा नववीत. मिस्टर सुरतला कापडाच्या प्रोसेसिंगमध्ये आहेत, पंधरा दिवसांतून एकदा येतात. खान्देशातल्या निम्म्या घरांची हीच कथा आहे, त्यात वेगळं काही नाही. घरात मी, सासूबाई आणि हा. वर्षभरात आवाज फुटला, मिसरूड आलं आणि बोलणं बंद झालं. वाईट वळण नाही, मार्क बरे आहेत, पण दार लोटून आत. काय झालं विचारलं तर "काही नाही". जेवलास का, "हो". मोबाईलवर रात्रीचे दोन. या वयात शरीराचं झोपेचं घड्याळ उशिरा सरकतं हे मला पुस्तकातून माहीत आहे, पण सकाळी साडेसहाला त्याला हलवताना पुस्तक आठवत नाही.

सासूबाईंना बेत सांगितला तर म्हणाल्या, "पोरले जंगलमा कसाले धाडी ऱ्हायनी तू? बाप सुरतमा, पोऱ्या डोंगरमा, आनि आपन दोन्ही घरमा." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पत्रकावर मोठ्या अक्षरात होतं, "तुमच्या मुलाला मर्द बनवा". हे वाचून मी पत्रक बाजूला टाकलं होतं. मर्द मी रोज बघते. छातीत दुखतंय हे बायकोला सांगायला दोन दिवस लावतात आणि मग रात्री तीनला रिक्षात घालून आणावे लागतात. पायाची जखम काळी पडेपर्यंत शेतात जातात. फवारणी करून चक्कर आली तरी "काही नाही, ऊन लागलं" म्हणतात. माझ्या वॉर्डात पुरुष उशिरा येतात, बाया त्यांना घेऊन येतात. त्यामुळे पोराला आणखी मर्द करून आणण्यासाठी आठ हजार मोजायची मला हौस नव्हती. पण मैत्रिणीचा मुलगा आदल्या वर्षी जाऊन आला होता. ती म्हणाली, पत्रकाकडे बघू नकोस, ते कुणीतरी भलत्यानेच लिहिलंय. तिथे प्रत्यक्षात पोरांना फारसं कुणी काही सांगतच नाही. ते "सांगतच नाही" मला आवडलं.

अमळनेरहून दोंडाईचा, सारंगखेड्याला तापीचा पूल, मग शहादा. वाटेत कापूस वेचणी चालू, रस्त्याकडेला पांढऱ्या बोंडांची झाडं आणि ट्रॅक्टरवर उंच रचलेली बोचकी. शहाद्याच्या पुढे पपई, केळी, ऊस, आणि मग एकदम सातपुडा समोर उभा राहतो. शहाद्यापासून तोरणमाळ पन्नासेक किलोमीटर. घाट वळणावळणाचा आहे, ज्यांना गाडी लागते त्यांनी पिशवी जवळ ठेवावी, आमच्या चिरंजिवांनी ती दोनदा वापरली. वर साधारण ११५० मीटर उंची, यशवंत तलाव, थंड वारा. नोव्हेंबरात खाली अजून पंखे चालू असतात आणि इथे संध्याकाळी स्वेटर काढावा लागतो. एक सूचना: ब्लँकेट पातळ देतात. घरची गोधडी द्याच. मी दिली होती, तर पोराने लाजून पिशवीतच ठेवली आणि दुसऱ्या रात्री काढली.

राहायला एका शेताच्या कडेला सहा तंबू. शौचालयं चार, स्वच्छ, पण पोरांना नवीन जागी होत नाही. आमचा दोन दिवस गेलाच नाही, हे त्याने मला घरी आल्यावर इसबगोल मागताना सांगितलं. पाणी बोअरचं, क्लोरीनचे थेंब टाकून. ते मी स्वतः बघितलं.

मोबाईल एका पत्र्याच्या पेटीत कुलूपबंद. पोरांनी तासाभर तोंडं पाडली आणि विसरली. खरं अवघड गेलं ते आम्हा पालकांना. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर पहिल्याच रात्री चाळीस मेसेज. कुणाला फोटो हवा, कुणाला आवाज ऐकायचा, एका वडिलांनी तर विचारलं की माझ्या मुलाला वरण जरा पातळ लागतं, सांगाल का. सरांचा रोज रात्री नऊला एकच मेसेज: "सगळे जेवले. सगळे झोपायला गेले." वर रेंज जेमतेम असल्याने कधी तो साडेदहाला यायचा, आणि तेवढ्या दीड तासात अर्ध्या जळगाव जिल्ह्याचा रक्तदाब वाढलेला असायचा. माझाही.

आता मधल्या दिवसांबद्दल जे लिहिते ते मला एका बैठकीत कळलेलं नाही. मुलाने परतीच्या वाटेवर "मस्त होतं" एवढंच सांगितलं आणि शहादा यायच्या आत झोपला. पुढे महिनाभर तुकड्यातुकड्यांनी बाहेर येत गेलं, बहुतेक स्कूटीवर मागे बसलेला असताना. समोर बसवून विचारलं की ही पोरं गप्प होतात. दोघांची तोंडं एकाच दिशेला असली आणि गाडीचा आवाज चालू असला की बोलतात. मी हल्ली भाजीला जाताना मुद्दाम लांबच्या रस्त्याने जाते.

पहिल्या संध्याकाळी चार गट पाडले. प्रत्येक गटाला बट्टीचं जाडसर पीठ, तूरडाळ, वांगी, तेल, तिखट-मीठ, धडगावकडचं आमचूर आणि गोवऱ्यांचा ढीग दिला. जेवण आठ वाजता, एवढं सांगून प्रशिक्षक सतरंजीवर जाऊन बसले. २२ पोरांपैकी कणीक मळलेली पोरं दोन. बाकीच्यांना बट्टी म्हणजे लग्नात ताटात येते ती. आमच्या गटाने भडकलेल्या जाळावरच गोळे टाकले. वरून कोळसा, आतून कच्चं पीठ. डाळ शिजली नाही, वांगी जळली. सव्वानऊला जेवण. सर आणि मामा त्यांच्याच पंगतीत बसले, तीच बट्टी फोडली, तेच पीठ चावलं, आणि अवाक्षर काढलं नाही. "चांगलं झालंय" असंही नाही, "असं करायला हवं होतं" असंही नाही. माझा मुलगा म्हणाला, "मम्मी, ते ओरडले असते तर बरं झालं असतं."

दुसऱ्या दिवशी दुपारीच पोरं आपणहून मामांच्या घरी गेली आणि मामींना विचारून आली. गोवऱ्यांचा जाळ होऊ द्यायचा, धूर संपू द्यायचा, निखारा पडला की बट्ट्या ठेवायच्या, वरून राख ओढायची आणि वाट बघायची. पोरांना चूल पेटवता येते, वाट बघता येत नाही, असं मामी म्हणाल्या म्हणे. दुसऱ्या रात्रीची बट्टी खाता येण्यासारखी होती. तिसऱ्या रात्रीची, त्याच्याच शब्दांत, "आजीपेक्षा थोडी कमी".

आमच्या अमळनेरात साने गुरुजी १९२४ ते १९३० शिक्षक होते आणि छात्रालयही सांभाळत. पोरांनी पसारा टाकलेल्या खोल्या ते न बोलता स्वतः झाडून ठेवायचे, आणि पोरांना आपोआप लाज वाटायची, हे गावातल्या जुन्या लोकांकडून लहानपणापासून ऐकत आले. कच्ची बट्टी गप्प चावणारी माणसं ऐकून मला तेच आठवलं. गुरुजींची गोष्ट सांगणारे गावात पुष्कळ आहेत, तसं वागताना मी फार कमी जणांना बघितलंय. मी स्वतःही नाही. माझ्या घरात ओला टॉवेल पलंगावर दिसला की माझा आवाज तिसऱ्या घरी जातो.

रॅपलिंगचं, म्हणजे दोरावरून कडा उतरण्याचं काय, असं सगळे विचारतात, कारण फोटो तेच असतात. झालं. साठेक फुटांचा कडा, हेल्मेट, कमरेला हार्नेस, मुख्य दोराशिवाय सुरक्षेचा दुसरा दोर वेगळ्या माणसाच्या हातात. हे मी आधीच विचारून घेतलं होतं आणि तुम्हीही विचारा. हेल्मेट सहाच होती, आळीपाळीने वापरली. आल्यावर मी डोकं तपासलं, उवा नव्हत्या. मुलगा या प्रकाराबद्दल पुन्हा कधी बोलला नाही. त्यावरून काय ते समजा.

ज्याबद्दल तो बोलला, तो चौथा दिवस.

गटागटाला नकाशाची झेरॉक्स आणि होकायंत्र देऊन एका पाड्यावर नेऊन सोडलं. तिथून तळापर्यंत सहा-सात किलोमीटर, दुपारी दोनपर्यंत पोचायचं. त्याच्या गटात पाच जण: हा, दोघे जळगावचे, एक रावेरचा, आणि मामांचा भाचा. हा भाचा त्यांच्याच वयाचा, दहावीत, पायात साधी चप्पल. फी न घेता दोन स्थानिक मुलं शिबिरात असतात, त्यातला तो. नकाशा माझ्या मुलाकडे. पहिल्या फाट्यावर हा डावीकडच्या नाल्यात उतरला. रावेरचा मुलगा म्हणाला, आपण चुकतोय. याने होकायंत्र दाखवून त्याला गप्प केलं. दीड तास चालले. साग संपला, सालईची पांढुरकी झाडं लागली, नाला अरुंद होत गेला आणि शेवटी सरळ दरीच्या तोंडाशी आला. पुढे काही नाही, खाली काही नाही, समोर नुसता सातपुड्याचा निळा थर.

पाचही जण बसले. कुणी बोलेना. आमचा म्हणतो, मला वाटलं आता हे मला मारणार. कुणी मारलं नाही. रावेरच्या पोराने पिशवीतून सीताफळ काढलं, पाच जणांत वाटलं. मग याने विचारलं, "आता कुठे?" आणि मामांच्या भाच्याने हाताने मागची धार दाखवली.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"केव्हापासून?"

"फाट्यापासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलं नाहीस."

हे मला स्कूटीवर, बाजार समितीच्या वळणावर सांगितलं गेलं आणि मी गाडी बाजूला घेतली. वर्गात पहिल्या पाचात येणारा माझा मुलगा, हातात नकाशा, गळ्यात होकायंत्र, आणि ज्याच्या अंगणातून तो चालला होता त्या मुलाला रस्ता विचारायचं त्याला सुचलं नव्हतं. तो म्हणाला, "मी मग सगळ्यांना सॉरी म्हटलं. माझं चुकलं म्हटलं." हे वाक्य मी त्याच्या तोंडून घरात गेल्या दोन वर्षांत ऐकलेलं नाही. त्याच्या वडिलांच्या तोंडून सतरा वर्षांत दोनदा.

तळावर पोचले साडेचारला. त्यांच्यानंतर दहा मिनिटांनी मामा आले, हातात लाकडाची मोळी. शेवटच्या दिवशी कळलं की मामा सकाळपासून दोनशे पावलं मागे होते. नाल्यातही होते, दरीच्या वर झाडामागे बसून होते. पोरं कड्याच्या आणखी पुढे सरकली असती तर हाक मारणार होते, तोपर्यंत नाही.

आई म्हणून हे ऐकल्यावर पहिल्यांदा रागच आला. दीड तास चुकीच्या नाल्यात जाऊ देता? पण मी शिकाऊ मुलींना पहिली सलाईन लावायला देते तेव्हा काय करते? मागे उभी राहते, दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत अडकवून, कारण मोकळे ठेवले तर ते पुढे जातात. मुलगी शीर चुकते, माझ्या बोटांना कळतं, पेशंटचं तोंड मी बघत असते, आणि धोका नाही तोवर गप्प राहते. हे काम मला शिकायला दहा वर्षं लागली. मामांना ते कुणी शिकवलं माहीत नाही. फीच्या ७,८०० मधले माझ्या मते पाच हजार त्या दोनशे पावलांचे होते.

आता कडक भाग.

तिसऱ्या दिवशी सीताखाईच्या दरीकडे चालत नेलं. निघायला अकरा वाजले, जे आधीच चूक. प्रत्येकाकडे एक लिटरची बाटली, जी कमी. हवा वर थंड लागते म्हणून पोरं पाणी पीत नाहीत, पण चढाला घाम येतोच आणि वाऱ्यात तो दिसत नाही. भुसावळच्या एका मुलाचं डोकं दुखायला लागलं. तो अर्धा तास बोलला नाही. मग उलटी झाली. तो नवखा प्रशिक्षक त्याला म्हणाला, "मर्द आहेस ना? मग चल." पोरगं आणखी वीस मिनिटं चाललं आणि बसलं. मामा मागून आले, त्याला सावलीत निजवलं, बूट काढले, ओला रुमाल मानेवर ठेवला, पाण्यात साखर-मीठ घालून घोटघोट पाजलं. नवी ओआरएसची पाकिटं तोवर आली होती. ती तळावरच्या पेटीत होती.

पोरगं तासाभरात ठीक झालं. पण यात नशीब किती होतं हे मला माहीत आहे. डोकेदुखी, मळमळ, उलटी, पायात गोळे ही अंगातलं पाणी आणि मीठ कमी झाल्याची हाक असते. तिथे थांबलं, सावली दिली, पाणी दिलं की माणूस परत येतो. चालवत ठेवलं आणि बडबडायला लागला, चालताना झोकांड्या जायला लागला, अंग तापलं, की तो उष्माघात, आणि मग शहाद्यापर्यंतचा घाट फार लांब होतो. हेच मे महिन्यात आमच्या जळगावच्या उन्हात केलं असतं तर मी हे इतक्या शांतपणे लिहीत नसते.

आणि मला सगळ्यात जास्त काय लागलं सांगू? तो अर्धा तास. डोकं दुखतंय हे पोराने अर्धा तास सांगितलं नाही, कारण सांगितलं तर कुठला शब्द ऐकावा लागेल हे त्याला माहीत होतं. एका बाजूला तुम्ही चौथ्या दिवशी पोरांना "माझं चुकलं" म्हणायला जागा करून देता, आणि आदल्याच दिवशी "माझं दुखतंय" म्हणायची वाट बंद करता. हे मी सरांना फोनवर विचारलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पत्रकावरचं ते वाक्यही काढतो." प्रशिक्षकाचं नाव मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. तोही बाविशीचाच आहे, त्यालाही कुणीतरी तसंच वाढवलं असणार.

दुसरी गोष्ट त्यांच्या फॉर्मची. दमा विचारला आहे, फिट येतात का, कशाची ॲलर्जी आहे का. सिकलसेल विचारलेलंच नाही. नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यात, पावरा-भिल्ल मुलं सोबत असताना! हा आजार रक्तातला, आईबापांकडून येतो. आदिवासी पट्ट्यात त्याचं प्रमाण जास्त आहे, म्हणून तर २०२३ मध्ये केंद्र सरकारने त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पाणी कमी पडलं, अतिश्रम झाले, थंडी वाजली की असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. म्हणजे शिबिरात जे जे करतात ते सगळं. तपासणी साधी असते, सरकारी दवाखान्यात होते. ज्याला हा आजार आहे त्याला डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशा चालीवर नेऊ नये, आणि हे फक्त आदिवासी मुलांनाच विचारायचं असंही नाही. पुढच्या बॅचच्या फॉर्ममध्ये हा प्रश्न आला आहे, मैत्रिणीने पाठवला तो मी बघितला.

सापाबद्दलही विचारलं होतं. मामांना चारही मुख्य विषारी साप ओळखता येतात: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. दोरीने आवळायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, भगताकडे न्यायचं नाही, हातपाय न हलवता गाडीत घालायचं, हे त्यांनी पोरांना पहिल्याच दिवशी पाठ करून घेतलं होतं. गाडी रात्रंदिवस तळावर उभी, चालकासकट. इथे पैकीच्या पैकी. तुम्ही कुठेही पाठवा, १०८ ला फोन लागेल का आणि नाही लागला तर तुमची स्वतःची गाडी आहे का, एवढं विचारल्याशिवाय पैसे भरू नका. राज्याने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात अशा संस्थांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. ती दाखवा म्हणावं. आपण शिकवणीच्या क्लासवाल्यांकडे मागच्या वर्षीच्या निकालाचे फोटो मागतो, इथे का लाजायचं?

शेवटच्या दिवशी पालकांना चहाला बोलावलं होतं. तिथे सरांनी एक गोष्ट सांगितली. दुसऱ्या महायुद्धात जहाजं बुडायची तेव्हा होडीत तरुण खलाशी आधी मरायचे आणि वयस्क खलाशी तगायचे, असं एका जहाज कंपनीच्या मालकाच्या लक्षात आलं. ताकद तरुणांची जास्त, पण टिकून राहायची सवय म्हाताऱ्यांना. म्हणून कुर्ट हान नावाच्या शिक्षकाने १९४१ मध्ये वेल्समधल्या अबरडोव्हीला पोरांसाठी शाळा काढली, आणि अशा शिबिरांची कल्पना तिथून पसरली. गोष्ट चांगली आहे. पण मामा माझ्या शेजारी बशीत चहा ओतून पीत बसले होते, आणि मला अस्तंबा आठवत होता. तोरणमाळपासून फार लांब नाही, १३२५ मीटर उंच शिखर. दरवर्षी धनत्रयोदशीला भिल्ल-पावरा पोरं टोळ्याटोळ्यांनी, रात्रीबेरात्री चालत तिथे अश्वत्थाम्याच्या दर्शनाला जातात. कपाळावरची जखम घेऊन तो अजून डोंगरात तेल मागत फिरतो म्हणतात. थोरले पुढे, धाकटे मागे, कुणी दमला तर सगळे थांबतात. ना फी, ना पत्रक. मामांचा भाचा शिबिराच्या आठवडाभर आधीच तिथे जाऊन आला होता आणि त्याने हे कुणाला सांगितलं नव्हतं. अर्थात, कुणी विचारलं नव्हतं.

एकांताचा तास हा प्रकारही असतो. पाचव्या दिवशी सूर्य मावळताना प्रत्येक पोराला एकटं बसवतात, एकमेकांना दिसणार नाही पण शिट्टी ऐकू जाईल एवढ्या अंतरावर. तीन शिट्ट्या म्हणजे मदत. काय केलंस, असं मी विचारलं तर म्हणाला, "मुंगळे बघितले." नंतर मिस्टरांकडून कळलं की त्याने वडिलांना स्वतः फोन करून सांगितलं होतं, अंधार पडल्यावर भीती वाटली, थोडं रडू आलं, शिट्टी तोंडात धरून ठेवली पण वाजवली नाही. मिस्टर काय म्हणाले मी विचारलं. म्हणाले, "मी त्याला सांगितलं, सुरतला पहिल्यांदा आलो तेव्हा मीपण खोलीत रडायचो." हे मलाही नवीन होतं.

फक्त मुलांसाठीच का, हा प्रश्न माझ्या भाचीने विचारला. ती आठवीत आहे आणि तिची बट्टी पहिल्याच दिवशी खाण्यासारखी झाली असती. सर म्हणतात, मुलींची बॅच करायची आहे, पण बाई प्रशिक्षक मिळत नाहीत. मिळतील. शोधा. तोवर अर्धा गुण कापते.

पाचपैकी साडेतीन. अर्धा मुलींचा, अर्धा ओआरएस आणि फॉर्मचा, अर्धा त्या "मर्द आहेस ना"चा. बाकी मामांचे.

घरी काय फरक पडला, असं सासूबाईंच्या भजनी मंडळातल्या सगळ्या विचारून गेल्या. टॉवेल अजून पलंगावर असतो. मोबाईल रात्री दोनऐवजी साडेबाराला बंद होतो, तेही रोज नाही. दार मात्र निम्मं उघडं असतं. गेल्या रविवारी त्याने गच्चीवर विटा मांडल्या, खालच्या काकूंकडून गोवऱ्या आणल्या, गहू आणि थोडा मका जाडसर दळून आणायला स्वतः गिरणीत गेला. ओव्यासाठी माझे डबे उचकटले. धुराने शेजारचे दोनदा डोकावले. पाऊण तास निखाऱ्याशी उकिडवा बसून होता, मध्ये एकदाही राख उकरली नाही. पहिली बट्टी आजीला दिली. सासूबाईंनी ती फोडली, बोटाने आतला भाग दाबून बघितला, तूप ओतलं, एक घास खाल्ला.

"कच्ची शे," म्हणाल्या. "आनखी एक दे."